रिकाम्यावर फिरणारी साखळी

जालन्यात मला खोली मिळाली ती झोप लागल्यामुळे. हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते, पण अक्षरशः तसंच झालं.

शाळेत नोकरी लागली, रुजू झालो, आणि राहायला जागा मिळेना. लग्न नुकतंच झालेलं. बायको परभणीला माहेरी, आणि सासऱ्यांकडून येणाऱ्या प्रत्येक निरोपाचं शेपूट एकच, जागेचं काय झालं. शेवटी शाळेच्या शिपायानं मस्तगडातलं एक घर सांगितलं. माडीवरची खोली मोकळी होती.

"पन मालक जरा तऱ्हेवाईक हायेत, मास्तर," तो म्हणाला.

"म्हणजे भाडेकरू टिकत नाहीत?"

"टिकतेत ना. शिरायलाच मिळत न्हाई."

मालकांची नवीन जालन्यात स्टेशनजवळ लाकडाची वखार होती. तिथं गेलो. ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. पांढरा सदरा, धोतर आणि डोक्यावर काळी टोपी. टोपी काळी होती असं आपण समजायचं, कारण तिच्यावर कायम भुशाचा थर असे. खोली मला आणि बायकोला हवी आहे म्हणालो. त्यांनी एका ओंडक्याकडं बोट दाखवलं आणि "बसा" म्हणाले. मी बसलो. तेही समोर बसले. नाव नाही, गाव नाही, पाणी हवं का नाही. मला वाटलं कुणाची तरी वाट पाहताहेत. कुणी आलं नाही. थोड्या वेळानं मला राग आला. मग भूक लागली. भुकेचंही काही होईना तेव्हा सागवानाच्या थप्पीला टेकलो, आणि कधी डोळा लागला कळलं नाही.

जागा झालो तर मालक माझ्याकडं पोटच्या पोराकडं पाहावं तसे पाहत होते.

"बाईंना कधी आनता?"

"पण माझं नाव, गाव..."

"सांगा सवडीनं. तुमाला रिकामं बसता येतं. झोप लागली म्हंजे तर बिलकुलच बराबर."

माझ्या आधी एक वकील येऊन गेले होते. मोठे नाणावलेले वकील. त्यांना खोली मिळाली नाही, कारण ते ओंडक्यावर बसल्या बसल्या किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत होते.

मालकांचं सगळं तत्त्वज्ञान या एका गोष्टीत होतं. "कामात समदेच चांगले दिसतेत, मास्तर," ते म्हणत. "कामात काम दिसतं, मानूस दिसत न्हाई. मानसाला, बैलाला, मशीनला रिकाम्यावर पाह्यचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की पुढं शाळेत कवायतीचा तास सुरू असला तरी माझं लक्ष रांगेबाहेर उभ्या असलेल्या पोरांकडं जाऊ लागलं.

बाजारात बैल घ्यायला गेले की लोक दात पाहतात, खूर पाहतात, पळवून पाहतात. मालक बैलासमोर उकिडवे बसत. बैल नुसता उभा असताना कान कसे ठेवतो, दाव्याला हिसके देतो का, शेजारच्या बैलाच्या वैरणीत तोंड घालतो का, एवढंच पाहत. विकणारा वैतागून जाई. न्हावी बदलला तोही याच कारणानं. आधीचा न्हावी हाताचा हलका होता, पण दोन गिऱ्हाइकांच्या मधे वस्तरा हातात खेळवायचा. नव्या न्हाव्यानं मालकांना वर्षानुवर्षं गालावर कापलं, पण गिऱ्हाईक नसलं की तो शहाण्यासारखा वस्तरा मिटून बसे. मालक गालाला तुरटी लावत आणि त्याची तारीफ करत. पिठाच्या गिरणीत गेले तर गिरणीवाल्याला पट्टा उतरवून इंजिन नुसतंच चालवायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. तेवढ्या वेळात दळणाची रांग पार रस्त्यावर जाई, आणि बाया मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

दिवेलागणीला ते घराच्या ओट्यावर बसत. हातात जपमाळ नाही, तंबाखू नाही, वर्तमानपत्र नाही. गल्लीतली माणसं त्या वेळी त्यांना रामराम घालत नसत. कुणी घरात विचारलं तर काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगत, "बसलेत. कामात हायेत."

काकू स्वतः जन्मात कधी बसल्या नाहीत. पोळ्या झाल्या की धान्य, धान्य झालं की वाती. मालक एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "तुला मी रिकामी कधी पाह्यलीच न्हाई. तू कशी हायेस ते मला अजून ठाऊक न्हाई."

"मी बी बसले तर चूल कोन पेटवंल?" काकू म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. मालक ओट्यावर जाऊन बसले.

त्यांना एकच मुलगी, शकू. तिला वाचनाचा भारी नाद. शाळेच्या वाचनालयातून मी तिला पुस्तकं आणून देई. आमच्या शाळेत वसंत म्हणून सायन्सचे मास्तर होते, हसनाबादचे, माझ्याहून तरुण. घरी विधवा आई आणि थोडी शेती. संध्याकाळी ते माझ्या खोलीवर गप्पा मारायला येत. पुढं पुढं पुस्तकं माझ्या नावावर निघत आणि निवड वसंतची असे. मग ती पुस्तकं खाली पोचवायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मला यात काही दिसलं नाही. बायकोला दिसलं. ती म्हणाली, "तुम्ही खरंच रिकामे बसता हो. डोक्यानंसुद्धा."

पोळ्याच्या सुमारास मीच मालकांजवळ विषय काढला. मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की, घर चांगलं. मालकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बसवा त्याला."

वसंतला मी सगळं पढवून ठेवलं होतं. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, हवं तर झोपा. ते वखारीत ओंडक्यावर बसले. हात मांडीवर, नजर समोर. आणि उजवा पाय हलायला लागला. शिवणयंत्राच्या पायट्यावर ठेवल्यासारखा गुडघा वरखाली, वरखाली. मी मालकांच्या मागून खुणा करून दमलो. वसंतनं गुडघ्यावर हात दाबून धरला, तर हातही पायाबरोबर हलू लागला. मालक उठले आणि निघून गेले.

संध्याकाळी मला म्हणाले, "पोरगं लाखात एक हाये, मास्तर. पन रिकाम्यावर चालतं. संसारात कामाचा वखत थोडाच असतो. बाकीच्या वखताला माझी पोरगी काय करंल त्याच्यापाशी?"

नकार हसनाबादला पोचला. वसंतच्या आईला कारणही कळलं. "माझ्या पोराला पाय हायेत, ते हलनारच," ती म्हणाली, आणि तिनं भोकरदनकडची एक मुलगी पाहायचं ठरवलं. दिवाळी झाली की सुपारी फोडायची. वसंत शाळेत येत, शिकवत, जात. खोलीवर यायचे बंद झाले.

शकूनं रडारड केली नाही. दिवेलागणीला बाप ओट्यावर बसला की ती येऊन शेजारी बसे. हात मांडीत, नजर समोर, तोंडातून अक्षर नाही. बापाची विद्या तिनं बापावरच चालवली. मालकांना काही बोलताही येईना, कारण इतकं उत्तम रिकामं बसणारं माणूस त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं.

याच दिवसांत वखारीत तो आरा आला.

आज ज्याला चेनसॉ म्हणतात तो. तेव्हा ते नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. पेट्रोलवर चालणारा, पट्टीभोवती दातेरी साखळी फिरणारा, एका माणसाला उचलता येणारा विलायती आरा. मालकांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं तो मिळवला. आदिलाबादकडून येणारे सागाचे ओंडके तोपर्यंत दोन माणसं दोन टोकांना धरून हातानं कापत. घ्यायच्या आधी मालकांनी आरा अर्थातच रिकाम्यावर पाहिला. इंजिन हळू चालू ठेवलं, म्हणजे मिस्त्री ज्याला स्लोवर म्हणतात तसं, आणि साखळीकडं बघत बसले. इंजिन गुरगुरत होतं आणि साखळी चित्रासारखी जागच्या जागी. मूठ दाबून रेस दिली की धावे, सोडली की थांबे.

"याला खानदान म्हनतेत," मालक म्हणाले.

वखारीत एक जुने आरेवाले होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. आयुष्यभर हाताचा आरा ओढलेला माणूस, पण नव्या आऱ्यावर त्यांचा जीव जडला. "मालक, ये तो शेर है," ते म्हणाले. "पर सोता बी है. अच्छा शेर है."

खंडेनवमीला वखारीतली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली. आरे, कुऱ्हाडी, पटाशा, वाकस, आणि मधोमध पाटावर हा पेट्रोलचा पाहुणा. हळदकुंकू झालं. पाहुण्याला झेंडूचा हार मालकांनी स्वतः बांधला, मुठीपासून पट्टीपर्यंत. तुटला तर अपशकुन, म्हणून दोरा दुहेरी घेतलेला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला मुहूर्तावर पहिला काप घ्यायचा, तो हारासकट. मोटारी नाही का दसऱ्याला हार घालूनच रस्त्यावर निघतात, तसं. चाचांनी दोरी ओढली, इंजिन गरजलं, आणि झेंडूच्या पाकळ्यांचा असा फवारा उडाला की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या तरी डोळ्यात लाकडाचा भुसा गेला, तरी टाळ्या चालूच.

काप झाल्यावर पाहिलं तर आऱ्यावर हार नव्हता. शेजारच्या घरची बकरी तिथंच उभी राहून झेंडू चघळत होती. मालक बकरीच्या मालकाकडं भांडायला गेले. देवाचा हार खाल्ला म्हणून दसऱ्याच्या दिवशी बऱ्यापैकी बाचाबाची झाली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि आऱ्याचं काहीतरी बिनसलं. रेस सोडली तरी साखळी थांबेना. भरधाव नाही, पण सुस्तपणे, गोगलगाईसारखी, पट्टीभोवती फिरतच राहिली. चाचांनी आधी दुर्लक्ष केलं. एक काप झाल्यावर त्यांनी आरा चालूच ठेवून ओंडक्यावर टेकवला आणि घाम पुसायला वळले. साखळीनं त्यांच्या पायजम्याचा पायचा पकडला, ओढून घेतला आणि टर्रकन गुडघ्यापर्यंत फाडला. चाचा मागं पडले म्हणून पाय वाचला. नडगीवर नुसता ओरखडा. मालकांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं.

"मालक," चाचा म्हणाले, "ये नींद में चलता है."

मालकांनी आऱ्यावर गोणपाट टाकलं आणि कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. पण त्यांच्या मनावर काय टाकणार? आयुष्यभराची परीक्षा चुकली होती. "नवा होता तवर गुन झाकून होता," ते म्हणत. "म्या रिकाम्यावर पाह्यला होता, मास्तर. म्या सोताच्या डोळ्यांनी पाह्यला होता." संध्याकाळी ओट्यावर बसत आणि लगेच उठत. आत जात, बाहेर येत, वखारीकडं चालू लागत. शकू मात्र ओट्यावर तशीच बसून असे. काकू दारातून म्हणाल्या, "आता कसं घर चालल्यासारखं वाटतं."

एक दिवस त्यांनी मला विचारलं, "याच्यातलं समजनारा कोनी मास्तर हाये का तुमच्या शाळेत?"

"एकच आहे," मी म्हणालो. "तुमच्या ओळखीचा आहे."

मालक म्हणाले, "बोलवा. पन मशीनसाठी बोलवा. दुसरं कायी न्हाई."

वसंत आले. खोटं कशाला बोला, त्यांनाही आऱ्यातलं फारसं कळत नव्हतं. सोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक त्यांनी वाचलं आणि रेसचा एक स्क्रू ढिला केला. साखळी थांबली, पण इंजिनही थांबलं. जरा आवळला, इंजिन चाललं, साखळीही चालली. मधली जागा सापडेना. इतका वेळ तो स्क्रू इकडंतिकडं झाला की शेवटी मलाच कळेना आपण काय करायला आलो आहोत. मालक म्हणाले, "बाजूला व्हा," आणि त्यांनी पाना घेऊन साखळीच आवळली. चांगली करकचून, बैलगाडीवर गवत आवळतात तशी. इंजिन सुरू केलं. साखळी स्तब्ध!

मालकांचा चेहरा उजळला. "झालं! जल्दी झालं."

"न्हाई झालं, मालक," वसंत म्हणाले. "ती थांबली न्हाई. आपन तिला दाबून धरलंय. आतून ती ओढूनच राह्यली."

मालकांना ते पटलं नाही. त्यांनी चाचांना रेस द्यायला सांगितली. क्षणभरात पट्टीतून धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास वखारभर झाला. इंजिन बंद केलं, साखळी ढिली केली. आता मालक ओंडक्यावर बसले. मला त्यांची फार दया आली. हट्टी माणसाचा हट्ट संपला की तो अगदी लहान दिसायला लागतो.

वसंतनं बाजूचं झाकण खोललं. आत तेल, भुसा आणि काळं चिकट काहीतरी. त्यांनी फडक्यानं पुसत पुसत आम्हाला समजावलं. इथं एक लोखंडी वाटी आहे, साखळीला फिरवणारी. वाटीच्या आत जाड तुकडे आहेत. रेस दिली की ते बाहेर फेकले जातात आणि वाटीला धरतात. रेस सोडली की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात आणि वाटी मोकळी होते. इंजिन चालो, वाटी बसून राहते. आपली वाटी मोकळी होत नाही. का होत नाही ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, स्प्रिंगा तर चांगल्या दिसत होत्या.

याच वेळी शकू बापाचा जेवणाचा डबा घेऊन वखारीत आली होती. वसंतला पाहून ती थबकली, पण परत फिरली नाही. फाटकाजवळ उभी राहून पाहू लागली.

वसंतनं खटपट करून ती वाटी उतरवली. तिच्या मागं, मधल्या दांड्याभोवती, काळा कठीण गोळा बसला होता. चाचांनी गोणी शिवायचं दाभण दिलं. वसंतनं टोकानं टोकरलं, एक टोक सुटलं आणि ते ओढू लागले. दोरा निघत होता. तेलानं काळा, भुशानं माखलेला, दुहेरी दोरा. निघतोय, निघतोय, संपेचना. शेवटी टोकाला झेंडूचं एक करपलेलं बोंड आलं, आणि त्याला चिकटून एकच पाकळी. ती कशी कोण जाणे, अजून पिवळी होती.

मालकांनी तो दोरा हातात घेतला आणि दोन बोटांत चोळून पाहिला. दुहेरी दोरा आपणच घेतला होता हे त्यांना आठवलं असणार.

"मालक," चाचा हळूच म्हणाले, "बकरी बेगुनाह है."

सगळं पुसून पुन्हा बसवलं. चाचांनी दोरी ओढली. इंजिन गुरगुरू लागलं आणि साखळी, आवळलेली नाही, दाबलेली नाही, अशी नुसती शांत. रेस दिली, धावली. सोडली, थांबली. मालक आऱ्यासमोर उकिडवे बसून ऐकत राहिले. आम्ही हसत होतो, चाचा कुणाला तरी फाटलेला पायजमा पुन्हा दाखवत होते. इंजिन बंद झालं आणि त्या शांततेत शकूचा आवाज आला.

"बाबा, मशीन रिकाम्यावर फिरली तर तुम्ही तिचं झाकन खोलून पाह्यलं. मानसाचा पाय हलला तर नुसते उठून घरी आलते."

वखारीतल्या गड्यांसमोर, चाचांसमोर, ज्याच्याविषयी बोलते आहे त्याच्यासमोर. त्या काळात मुलीनं असं बोलायचं म्हणजे काय हे आजच्या मुलींना समजणार नाही. तिनं डबा खाली ठेवला, पण गेली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

मालक तसेच उकिडवे होते. मान वर करून त्यांनी वसंतकडं पाहिलं.

"का हो मास्तर, त्या दिवशी पाय कामून हलत होता?"

वसंतचे दोन्ही हात काळे होते. ते कुठं ठेवावेत त्यांना कळेना. "त्या दिवशीच हलत होता," ते म्हणाले. "ह्यांना इचारा. परीक्षेला पहाऱ्यावर बसतो तर पोरांना वाटतं मास्तर झोपले."

मी जोरजोरात मान हलवली. खरंच होतं ते. वसंतच्या पहाऱ्यात पोरं दर वेळी फसत.

"मंग?"

"तुमी न्हाई म्हनाल म्हनून भ्यालो होतो. आता तुमी न्हाई म्हनून झालंय. आता कायचं हलायचं?"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पायाकडं पाहिलं. पाय जमिनीत रोवल्यासारखा होता. मालक उठले, धोतर झटकलं, टोपीवरचा भुसा झटकला. टोपी झटकलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "मास्तर," ते मला म्हणाले, "उद्या रविवार हाये. हसनाबादला जायचं."

सकाळच्या मोटारीनं आम्ही दोघं निघालो. मला धाकधूक होती. वसंतच्या आईला भोकरदनकडच्या मुलीकडून होकार आलेला होता आणि तिनं अजून सुपारी फोडली नव्हती, एवढीच काय ती आमची आशा. बाई मानी होती. एकदा झिडकारणाऱ्या घराला ती पुन्हा दारात उभं करील असं मला वाटत नव्हतं.

तिनं आम्हाला ओसरीत बसवलं, पाणी दिलं, पानाचं तबक पुढं ठेवलं, आणि "आलेच" म्हणून आत गेली. ती आलीच नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. वसंत खांबाला टेकून बसले होते, अगदी निश्चल. त्यांना आता काही करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून कदाचित.

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं. आतला आवाज चालूच. आणि माझ्या शेजारी टक, टक, टक असं काहीतरी सुरू झालं. पाहिलं तर मालकांनी तबकातला अडकित्ता उचलला होता. त्याच्या तोंडात सुपारी नव्हती. ते नुसताच उघडत होते आणि मिटत होते. नजर आतल्या दाराकडं, कपाळावर घाम, आणि हात चालूच. मी कोपरानं डिवचलं. त्यांनी अडकित्ता ठेवला. घटकाभरानं पुन्हा टक, टक.

"मालक," मी कुजबुजलो, "राहू द्या ते."

त्यांनी हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "ठेवून राह्यलो, मास्तर," ते तितक्याच हळू म्हणाले. "हात ऱ्हाऊन न्हाई राह्यला." आणि हात पुन्हा सुरू.

वसंतची आई दारात येऊन कधी उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती बराच वेळ पाहत असावी. पदर खोचलेला, ओल्या हातांची, उंच बाई. तिच्या पोराचा पाय हलतो म्हणणारा माणूस तिच्यापुढं बसला होता. ती आता काय बोलेल याची मी मनातल्या मनात तयारी केली. तिच्या जागी मी असतो तर एक शब्द सोडला नसता.

"भाऊ," ती म्हणाली, "ठेवा तो. बोट कापंल."

मालकांनी अडकित्ता खाली ठेवला. दोन्ही हात मांडीत धरले. तोंड उघडलं, मिटलं. शेवटी डोळ्यांतून पाणीच आलं आणि त्याबरोबर वाक्य आलं.

"माझी पोरगी द्यायला आलो हो बाई. एकच हाये. तुमी न्हाई म्हनाल तर... हात कसा ठिकानावर ऱ्हाईल?"

ती पुढं आली, तबकातून सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि मालकांच्या हातात दिली.

"मंग रिकामा कामून चालवून राह्यले?" ती म्हणाली. "ही फोडा."